नांव आणि ओळख

एखादी वस्तु पस्तीस वर्षें आपल्या मालकीची आहे, एवढ्यावरून ती आपल्या ओळखीची आहे असें म्हणतां येईल काय? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पण गेल्या पावसाळ्यांत काडेपेटीहून थोड्या मोठ्या अशा एका काळ्या पेटीनें तो मला विचारला, आणि उत्तर शोधतां शोधतां माझ्या अकरा संध्याकाळी खर्ची पडल्या. शेवटीं जें उत्तर हातीं आलें तें त्या पेटीविषयीं थोडें आणि माझ्याविषयीं अधिक होतें. म्हणूनच तें येथें मांडण्याचें धाडस करीत आहें.

मी एम्. ए. झालों त्या वर्षीं, म्हणजे १९९० सालीं, वडिलांनीं मला एक मोटरसायकल घेऊन दिली. गाडी लहान, टू-स्ट्रोक इंजिनाची, आणि आवाजानें तीन घरें पलीकडे ओळखू येणारी. वडील गेले, गाडी राहिली. मुलांनीं 'आतां ही विका' असा लकडा लावला, तरी मला तें जमलें नाहीं. आषाढांतल्या एका सकाळीं तिनें एकाएकीं मौन धरलें. कोपऱ्यावरचा मेस्त्री आला. त्यानें प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकविला, किक मारली, ठिणगी नाहीं. वायरी तपासल्या, प्लग बदलून पाहिला. तरी ठिणगी नाहीं. मग त्यानें सीटखालची एक काळी पेटी काढून तिच्या जागीं दुसरी जोडली, आणि दुसऱ्याच किकला गाडी बोलूं लागली. सारा कारभार पंधरा मिनिटांत उरकला.

जुनी पेटी माझ्या हातांत देत तो म्हणाला, 'पेटी गेली होती, सर.'

'पण कां गेली?'

तो हसला. 'तें कुणाला ठाऊक, सर? ही उघडत नसते. गेली कीं बदलायची.'

मेस्त्री आपल्या कामांत वाकबगार आहे, आणि त्याच्या उत्तरांत खोटें कांहींच नव्हतें. तरी घरीं येईपर्यंत तें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें. 'गेली कीं बदलायची' हें केवळ एका पेटीविषयींचें विधान नव्हे. तें एक पुरतें जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे, आणि आपण सारे त्याचे कळत नकळत अनुयायी आहों.

त्या पेटीचें काम सांगायला सोपें आहे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकामुळें एका कॉइलमध्यें उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न होते. डायोड नांवाचा भाग तिला एकाच दिशेनें जाऊं देतो, आणि ती कपॅसिटरमध्यें सांठते. तेथील दाब दोनशें व्होल्टपर्यंत, कधीं त्याहूनहि वर, चढतो. पिस्टन माथ्याजवळ आला कीं दुसरी एक लहान कॉइल क्षीणसा इशारा देते. त्या इशाऱ्यासरशीं थायरिस्टर नांवाचें दार उघडतें आणि सांठलेली सगळी वीज एकदम बाहेरच्या इग्निशन कॉइलमध्यें लोटते. तेथें दाब हजारों व्होल्टपर्यंत वाढून प्लगच्या फटींत ठिणगी पडते. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोनशें व्होल्टपर्यंत भरला, तर त्यांत ०.०२ ज्यूल एवढीच ऊर्जा मावते. एक ग्रॅम वजन दोन मीटर उंच उचलावयास लागते साधारण तितकी. पण इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर टू-स्ट्रोक गाडींत हें भरणें आणि रितें होणें एका सेकंदांत शंभर वेळां घडतें. पस्तीस वर्षें मी या क्रियेवर स्वार होऊन महाविद्यालयांत जात होतों, आणि तिचें मला नांवहि ठाऊक नव्हतें.

पूर्वीं असें नव्हतें. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकानें १९१० च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतींत धातूचे दोन ठिपके उघडझाप करीत, आणि त्यांच्या उघडण्याबरोबर ठिणगी पडे. हे 'पॉइंट' डोळ्यांना दिसत. ते काळे पडले कीं आमच्या वडिलांच्या पिढींतील माणसें पॉलिश-पेपरानें घांसून रस्त्याच्या कडेलाच गाडी चालू करीत. पुढें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर बाजारांत आला, आणि १९६९ मध्यें कावासाकीनें आपल्या तीन सिलिंडरांच्या ५०० सी. सी. गाडीला ही नवी विद्युत्‌रचना बसविली. हळूहळू ती लहान गाड्यांतहि शिरली. घांसण्याचा त्रास गेला, ठिणगी नेमकी झाली, गाड्या पावसाळ्यांतहि भरंवशाच्या झाल्या. हा लाभ खरा आहे, आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण त्या लाभाबरोबर मालक आणि वस्तु यांच्यामध्यें एक काळी पेटी येऊन बसली.

पेटी उघडावयाची असें मीं ठरविलें तेव्हां पहिली अडचण अशी कीं, तिला उघडण्याजोगें कांहीं नव्हतेंच. आंतील सर्व भाग कठीण राळेंत गाडलेले होते. गरम हवेच्या झोतानें राळ मऊ करायची आणि लांकडी काडीनें कण कण उकरायची, असा क्रम चालला. पहिल्या चार संध्याकाळी नुसत्या उकरण्यांत गेल्या. कुटुंबानें एकदां येऊन विचारलें, 'अहो, हें मोहेंजोदडो अजून किती खोल आहे?' उपमा अगदींच चुकीची नव्हती. एक चमत्कारहि पाहावयास मिळाला. एका भागावरची राळ निघाली ती त्याच्या अंगावरचीं अक्षरें घेऊनच निघाली. भागाची पाठ कोरी, आणि राळेच्या कपचीवर तीं अक्षरें उलटीं उमटलेलीं. तीं मीं आरशांत धरून वाचलीं. आपल्या वस्तूचें नांव आरशांत पाहून वाचण्याची पाळी यावी, हें जरा लाजिरवाणेंच.

यापुढें खरा प्रश्न आला: हे जे दहा-बारा लहान लहान भाग उघडे पडले, ते ओळखावयाचे कसे? येथें मला इंग्रजी ग्रंथांहून आपल्या न्यायशास्त्राचा आधार अधिक वाटला. गौतमानें ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वर्गांत मी तीं वर्षानुवर्षें शिकवीत आलों. पण चारहि एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळीं, एकमेकांना सांवरून घेतांना मीं तोंपर्यंत पाहिलीं नव्हतीं.

सर्वांत सोपें तें शब्दप्रमाण. भागावर लिहिलेलें असेल तें विश्वासानें वाचावें. एका डायोडवर '१ एन ४००७' असें होतें. तो एक अँपिअर प्रवाह आणि एक हजार व्होल्टपर्यंतचा उलटा दाब सोसतो, हें कोणत्याहि कोष्टकांत मिळतें. कपॅसिटरवर '१०५' होतें. म्हणजे दहावर पांच शून्यें इतके पिकोफॅरड, अर्थात् एक मायक्रोफॅरड. रेझिस्टर तर रंगांनींच बोलतो: पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, आणि त्यापुढील नारिंगी म्हणजे तीन शून्यें, मिळून ४७,००० ओहम. परंतु शब्दाला वक्ता लागतो, आणि वक्ता नेहमींच सगळें सांगतो असें नाहीं. जपानी पद्धतींत ट्रान्झिस्टरच्या पूर्ण नांवाचा आरंभ '२ एस्' असा असतो, पण अंगावर जागा अपुरी म्हणून तो पुष्कळदां गाळतात. '२ एस् सी १८१५' हा 'सी १८१५' एवढ्यावरच भागवितो. हें म्हणजे आडनांव घरीं ठेवून बाहेर पडण्यासारखें आहे! कांहीं भागांवर कारखानदारानें स्वतःचाच खाजगी क्रमांक घातलेला असतो, तो दुसऱ्या कोणालाच कळत नाहीं. आणि कांहींवरचें नांव मुद्दाम घांसून टाकलेलें असतें.

शब्द संपला कीं प्रत्यक्षाकडे वळावें लागतें. उष्णतेनें तांबडा, नारिंगी आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकसारखे दिसूं लागले होते; तेव्हां मीटर लावणें आलें. मीटर लावला तों आंकडा भलताच. पुष्कळ वेळ डोकें खाजविल्यावर चूक उमगली. तो रेझिस्टर जोडणींत असतांनाच मी त्याचें माप घेत होतों. मीटरचा प्रवाह त्याच्यांतून जाई तसा शेजाऱ्यांतूनहि जाई, आणि दिसणारा आंकडा त्या एकट्याचा नसून सगळ्या आळीचा असे. त्याचें स्वतःचें माप हवें असेल तर त्याचा एक पाय जोडणींतून सोडवून घ्यावा लागतो. प्रत्यक्षहि असें फसवें असतें. डोळ्यांदेखत दिसणारा आंकडा खरा असतो, पण तो कोणाचा, हें ठरविणें आपल्याकडे असतें.

तिसरें उपमान. गवय नांवाचा प्राणी ज्यानें पाहिलेला नाहीं अशा नागरिकास रानांतला माणूस सांगतो कीं, गवय हा गाईसारखा असतो. पुढें रानांत तसा प्राणी दिसतांच नागरिकास तें बोलणें आठवतें, आणि 'हाच तो गवय' असें तो जाणतो. नांव आणि नांवाचा धनी यांचा संबंध कळणें, हेंच या प्रमाणाचें फळ. माझ्यापुढें तीन पायांचा एक काळा भाग होता. त्याच्यावरचें नांव घांसलेलें. मेस्त्रीकडून एक माहितींतला थायरिस्टर आणून मीं शेजारीं ठेवला. अगदीं गाईसारखा गवय! पण सारखेपणाला किती मान द्यावा? बीसी ५४७ आणि २ एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर देहानें जुळे भाऊ, कामानेंहि जवळचे. पण त्यांच्या पायांचा क्रम नेमका उलटा. एकाच्या जागीं दुसरा तसाच बसविला तर सारी रचना बिघडावी. शिवाय तीन पायांचा तो काळा देह ट्रान्झिस्टरचाहि असूं शकतो.

म्हणून शेवटीं अनुमान, आणि अनुमानास पडताळा. कपॅसिटर आणि इग्निशन कॉइल यांच्या वाटेवर हा भाग बसला आहे, आणि इशारा देणाऱ्या कॉइलची वायर याच्याच एका पायाशीं येते. तेव्हां तो दारवान असला पाहिजे. मग त्याची परीक्षा घेतली. एक लहान बॅटरी आणि एक लहान दिवा त्याच्याशीं जोडला. दिवा लागला नाहीं. तिसऱ्या पायाला क्षणभर इशारा दिला, दिवा लागला. इशारा काढून घेतला, तरी दिवा तेवत राहिला, आणि बॅटरी तोडली तेव्हांच विझला. ट्रान्झिस्टर असें करीत नाहीं. इशारा गेला कीं तो थांबतो. एकदां शब्द दिला कीं प्रवाह असेपर्यंत तो न मोडणें, हा थायरिस्टरचाच स्वभाव. त्या घटकेला मीं त्याला ओळखला. त्याचें नांव मला आजहि ठाऊक नाहीं.

या शेवटच्या वाक्यापाशीं मी बराच वेळ थबकलों. ज्यांचीं नांवें मीं वाचलीं होतीं ते भाग मला 'माहीत' होते. पण ज्याचें नांव पुसलेलें होतें तोच एकटा 'ओळखीचा' झाला होता. नांव वाचलें कीं आपण प्रश्न विचारणें थांबवितों. नांव नसलें म्हणजे विचारावें लागतें: तूं कोणाशीं जोडलेला आहेस? कशानें जागा होतोस? कशानें थांबतोस? ओळख या प्रश्नांतून होते.

आतां कोणी विचारील, नांवें घांसणाऱ्या आणि राळेंत गाडणाऱ्या कारखानदाराला दोष द्यावयाचा कीं नाहीं? न्यायानें बोलायचें तर राळेचे तीन-चतुर्थांश प्रयोजन निर्मळ आहे. इंजिनाचा थरकांप, पाणी आणि चिखल यांच्यापासून ती त्या नाजूक भागांना सांभाळते; तिच्यावांचून माझी पेटी पस्तीस पावसाळे टिकली नसती. पण घांसलेल्या नांवाचें समर्थन पाण्याचिखलानें होत नाहीं. तेथें हेतु एकच: दुसऱ्यास कळूं नये. कष्टानें मिळविलेली युक्ति चोरांपासून जपावी हेंहि समजण्यासारखें आहे. परंतु त्यासाठींच समाजानें पेटंटाचा करार केला. तुमची युक्ति सर्वांस उघड करून सांगा, आणि मोबदल्यांत वीस वर्षें तिच्यावर तुमचा एकट्याचा हक्क, असा आपल्या देशांतील आजचा कायदा आहे. जो सांगतहि नाहीं आणि मुदतहि पाळीत नाहीं, तो त्या कराराचा लाभ घेऊं पाहतो पण किंमत देत नाहीं. आणि ज्यानें पैसे मोजून वस्तु घेतली, त्याला ती केवळ वापरण्याचा हक्क मिळाला, समजून घेण्याचा नाहीं, असें मानणें मला तरी जड जातें. दुरुस्तीच्या हक्काचा हा विचार आतां कायद्याच्या दारापर्यंत आला आहे. आपल्या केंद्र सरकारनें २०२२ मध्यें त्यासाठीं समिति नेमली, आणि युरोपीय संघानें २०२४ मध्यें तसा निर्देशच काढला. पण कायदा फार तर दार उघडील. आंत जाण्याची इच्छा त्याला देतां येणार नाहीं.

आणि इच्छा तरी कां असावी? माझे एक अर्थशास्त्राचे सहकारी आहेत. त्यांनीं सारी हकीकत ऐकून शांतपणें म्हटलें, 'तुमच्या अकरा संध्याकाळींची किंमत मांडा आणि नव्या पेटीची मांडा. हा शुद्ध तोटा आहे.' त्यांचें गणित बिनचूक आहे. त्याहून मोठा आक्षेप असा कीं, श्रमविभागावांचून संस्कृतीच शक्य नाहीं. मी जें औषध घेतों, ज्या पुलावरून जातों, ज्या फोनवर बोलतों, त्यांतलें कांहींच मला आंतून ठाऊक नाहीं. अनोळखी माणसांवर विश्वास टाकूनच मी जगतों. प्रत्येक वस्तु ओळखीन असें म्हणणारा माणूस दुसरें कांहीं करूंच शकणार नाहीं.

हें सर्व मला मान्य आहे. सर्व वस्तु ओळखणें हें कर्तव्य नव्हे. पण एक तरी वस्तु मुळापासून ओळखावी, असें मला वाटतें. ज्यानें एकहि पेटी उघडली नाहीं, त्याला बाकीच्या पेट्या बंद आहेत याची जाणीवच राहत नाहीं. तो बाहेरचें नांव हीच आंतली ओळख समजतो. आणि ही संवय वस्तूंपाशीं थांबत नाहीं.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या विभागांत तासिका तत्त्वावर नऊ वर्षें शिकविणारे एक गृहस्थ होते. दोन वर्षांपूर्वीं निवड-समितीपुढें त्यांचें प्रकरण आलें, आणि समितींत मी होतों. हवी ती परीक्षा ते उत्तीर्ण नव्हते. दुसरे उमेदवार होते. आम्हीं कागद पाहिले, नियम पाहिला, आणि दुसऱ्यांना घेतलें. नियमाविरुद्ध कांहीं झालें नाहीं. नवे प्राध्यापकहि चांगले आहेत. सगळें काम सुमारें पंधरा मिनिटांत उरकलें. पुढें वर्षभरांत एक एक गोष्ट कानीं येऊं लागली. खेड्यांतून येणारीं, पुस्तकाच्या भाषेला बिचकणारीं मुलें तास संपल्यावर त्यांच्याभोवतीं बसत; तो वर्ग कोणत्याहि वेळापत्रकांत नव्हता. तीं मुलें आतां दुसऱ्या सत्रांत दिसेनाशीं होऊं लागलीं होतीं. मीं त्या गृहस्थांच्या अंगावरचीं अक्षरें वाचलीं होतीं. ते कोणाशीं जोडलेले आहेत, हें विचारलें नव्हतें. विचारलें असतें तरी नियमापुढें निर्णय कदाचित् तोच झाला असता. पण तो पंधरा मिनिटांत झाला नसता. आणि जातांना त्यांना आमच्या तोंडून एवढें तरी ऐकूं आलें असतें कीं, तुम्हीं येथें काय केलें तें आम्हांस ठाऊक आहे. बदलणें कधीं कधीं अटळ असतें. न ओळखतां बदलणें मात्र केव्हांहि अटळ नसतें.

पेटीचा दोष कोठें होता, हें सांगावयाचें राहिलेंच. सर्व भाग एक पाय सोडवून तपासले, सर्व निर्दोष. शेवटीं भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनीं आपल्या प्रयोगशाळेंत कपॅसिटरवर खरोखरीचा दोनशें व्होल्टचा दाब दिला, तेव्हां तो गळूं लागला. माझ्या मीटरनें त्याला अवघ्या कांहीं व्होल्टांनीं प्रश्न विचारला होता, आणि त्या सौम्य प्रश्नाला त्यानें सौम्य आणि बरोबर उत्तर दिलें होतें. त्याचें खरें काम ज्या दाबाखालीं चाले, तेथें त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. तेवढ्याच मापाचा, चारशें व्होल्टचा नवा कपॅसिटर मीं जोडला, आणि पेटी मेस्त्रीकडे नेली.

त्यानें ती गाडीला लावली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. 'चालतेय कीं, सर!' तो म्हणाला, आणि बराच वेळ पेटी हातांत घेऊन उलटीपालटी करून पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, 'आंत काय काय असतें हो?' मीं तेथेंच बाकावर बसून त्याच्या बिलबुकाच्या पाठीवर आकृति काढली. थायरिस्टरच्या जागीं आल्यावर तो म्हणाला, 'याचं नांव नाहीं लिहिलं?' मीं म्हटलें, 'नांव ठाऊक नाहीं. काम ठाऊक आहे.'

त्या रात्रीं मीं त्या गृहस्थांना पत्र लिहिलें. तें दोन वर्षें उशिरा गेलें, आणि त्यानें त्यांची जागा परत मिळणार नाहीं. त्यांचा पत्ता मात्र मला दुसऱ्याला विचारून घ्यावा लागला. नऊ वर्षें एका खोलींत बसूनहि, ते राहत कोठें हें मला ठाऊक नव्हतें.